दीड फूट भराव

तुम्हा दोघांना हे मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत लिहिलं की मी नको तितकी सभ्य होते. इंग्रजी शाळेत शिकलेल्या माझ्या वयाच्या बायकांना ती खोडच आहे. कितीही तिखट सांगायचं असलं तरी हात आपोआप 'काइंडली' लिहितो. या वेळी मला सभ्य राहायचं नाही. धाकट्याला जिथे अडेल तिथे त्याने आईकडून वाचून घ्यावं.

विषय थोरलीचा आहे. आजोबांच्या आर्किटेक्ट फर्ममधून तुला बोलावणं आलं आहे. मेलबर्न सोड, नाशिकला ये, आजोबांची खुर्ची रिकामी आहे, दोन वर्षांत भागीदार करून घेतो, असं आजोबांच्या जुन्या भागीदारांनी स्वतः फोन करून तुला सांगितलं. तू त्यांना म्हणालीस, आजीला विचारून सांगते. विचारलंस ते बरं केलंस. माझं मत आहे की जाऊ नये. पण मोठ्या माणसाने नुसतं 'नको' म्हणायचं आणि पोरांनी ते मानायचं, हे मला माझ्या आईकडूनही कधी पटलं नाही. म्हणून कारण सांगते. कारण एका इमारतीचं आहे, आणि ती इमारत पिंपळगावला हायवेपासून थोडी आत अजून उभी आहे.

आधी फर्म कशी निघाली ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आजोबा आणि हे भागीदार कॉलेजातले मित्र. शालीमारजवळ एका लॉजच्या वर दीड खोली घेतली. मोठ्या खोलीत दोन ड्रॉइंग बोर्ड, अर्ध्या खोलीत प्रिंट काढायचं मशीन. त्या मशीनच्या अमोनियाचा वास आजोबांच्या शर्टाला कायम यायचा. साबण बदलून पाहिले, गेला नाही. दारावर दोन आडनावं आणि पुढे 'ॲण्ड असोसिएट्स' अशी पाटी होती. असोसिएट कोणी नव्हतं. मी होते. दुपारी शाळेतून शिकवून आले की पत्रं, टेंडरचे कागद, कामाचं वर्णन, जे जे इंग्रजीत जायचं ते सगळं मी टाइप करायची. दोघांचंही रेखाटन सुंदर आणि इंग्रजी भयंकर.

पहिलं काम एका डॉक्टरांच्या बंगल्याचं. डॉक्टरांच्याच दिवाणखान्यात बसून हे दोघं जिना डावीकडे की उजवीकडे यावर अर्धा तास भांडले. डॉक्टर ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आधी तुमचं ठरवा, मग माझ्या घराचं बघू." आणि काम दुसऱ्याला दिलं. परत येताना स्कूटरवर दोघांनी नियम केला: बाहेरच्या माणसासमोर एकमेकांना कधी खोडायचं नाही. भांडायचं ते सकाळी नऊ ते साडेनऊ, ऑफिसचं दार लावून. आणि त्यातली गंमत अशी की जो भांडण हरेल त्यानेच जाऊन निर्णय गिऱ्हाइकाला सांगायचा, स्वतःचं मत असल्यासारखा. त्यामुळे कोण जिंकलं हे बाहेर कोणाला कधी कळायचं नाही.

हा नियम मला तेव्हा फार आवडला होता. मी तो शाळेत शिक्षकांच्या खोलीत कौतुकाने सांगायची. आज विचार करते तेव्हा वाटतं, अशा नियमाला खोटं बोलणारा माणूस मिळाला की तो नियम त्याचाच होतो. पण बरीच वर्षं तो चांगला चालला, हेही खरं. हरसूलला डोंगरातल्या मुलींचं वसतिगृह त्याच अर्ध्या तासात ठरलं. तिथे पाऊस आडवा येतो, म्हणून आजोबांना नऊ फूट रुंद ओसरी हवी होती. भागीदारांना ती जागेची नासाडी वाटत होती. तीन सकाळी भांडण चाललं. भागीदार हरले आणि मग संस्थेच्या लोकांपुढे त्यांनी त्या ओसरीचं असं वर्णन केलं की ऐकणाऱ्याला वाटावं, हे तिच्यासाठीच जन्माला आले. बोलणं त्यांचं खरंच तसं होतं. कोणाच्याही घरी गेले तर दहा मिनिटांत स्वयंपाकघरापर्यंत पोचायचे. आजोबा उंबऱ्यातच चपला नीट लावत बसायचे. चांदवडला कांदाचाळी बांधायच्या होत्या. आर्किटेक्टने कांद्याची चाळ काढायची म्हणून बाकीचे हसले; आजोबांनी वारा कुठून येतो ते बघायला दोन दिवस शेतात उदबत्ती लावून धूर पाहिला. गिऱ्हाईक आणले भागीदारांनी, चाळी काढल्या आजोबांनी. असं ते चालत होतं.

आता पिंपळगाव.

एका द्राक्ष बागायतदाराला पॅकहाऊस आणि शीतगृह बांधायचं होतं. त्याला मी मालकच म्हणते. एका बाजूने शेतातून द्राक्षं येणार, आत बायका ती निवडून, कातरून, डब्यांत भरणार, दुसऱ्या बाजूने कंटेनरमध्ये चढवून बंदराला जाणार. आतली जमीन एकाच पातळीत हवी, कारण हातगाड्या फिरतात. कंटेनरचा तळ जमिनीपासून साधारण चार फूट उंच असतो, म्हणून आतली जमीन चार फूट उंच. पण शेतातून माल येतो टेम्पोने आणि पिकअपने. त्यांचा तळ अडीच फुटांवर. मग टेम्पोतले क्रेट दीड फूट वर उचलायचे कोणी?

आजोबा तीन दिवस पिंपळगावला मार्केटच्या बाहेर टेप घेऊन उभे होते. भरलेला टेम्पो किती दबतो, रिकामा किती वर येतो, सगळं मोजलं. ड्रायव्हर लोकांना वाटलं, आरटीओचा माणूस आहे. दोन ड्रायव्हर तर टेम्पो वळवून पळाले. मग आजोबांनी ठरवलं की टेम्पो येतात त्या बाजूच्या अंगणात दीड फूट मुरमाचा भराव टाकायचा, रोलर फिरवायचा आणि चढ इतका हलका ठेवायचा की टेम्पोवाल्याला जाणवूही नये. टेम्पोचा तळ आणि ओटा एका रेषेत. क्रेट उचलायचाच नाही, नुसता सरकवायचा. भांडणाच्या अर्ध्या तासात यावर वादच झाला नाही. भागीदार म्हणाले, "बरोबर आहे तुझं." हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, त्या दिवशी शाळेला सुट्टी होती.

साइटवर जायचे भागीदार. आजोबा आठवड्यातून एकदा. डिसेंबरात आजोबांना कावीळ झाली आणि ते सहा आठवडे घरी पडून राहिले. तेवढ्यात हंगाम तोंडावर आला. मालकाला घाई झाली, ठेकेदार म्हणाला की मुरूम भरून, पाणी मारून, बसायला वेळ द्यावा लागेल. भागीदारांनी ठेकेदाराकडच्या प्रिंटवर लाल पेन्सिलीने भरावावर काट मारली आणि खाली सही केली. साइटवर असं करतात, चालतं. पण संध्याकाळी ऑफिसला येऊन ती गोष्ट सांगायची असते, ड्रॉइंग बदलायचं असतं, दुसऱ्याला विचारायचं असतं. आमच्या घरापासून ऑफिस चालत बारा मिनिटं होतं. आजोबा आजारी होते, बहिरे नव्हते. भागीदारांनी सांगितलं नाही. दर दोन दिवसांनी ते शहाळं घेऊन यायचे, पलंगाजवळ बसायचे, क्रिकेटवर बोलायचे.

फेब्रुवारीत मालकाने दोघांनाही बोलावून घेतलं. बैठकीची टिपणं मी घ्यायची, म्हणून मीही गेले. मालकाने चहा विचारला नाही. सरळ ओट्यावर नेऊन उभं केलं आणि म्हणाला, "बघा."

टेम्पो खाली उभा होता. एक बाई टेम्पोत उभी राहून क्रेट मांडीपर्यंत उचलत होती, ओट्यावरची बाई वाकून ओढून घेत होती. भरलेला क्रेट वीस किलोचा तरी असतो. प्रत्येक क्रेट ओट्याच्या कडेला आपटत होता. द्राक्षाच्या मण्यावर मेणासारखी पांढुरकी भुकटी असते. ती पुसली गेली की परदेशातला माणूस तो माल घेत नाही. आदल्या आठवड्यात एक बाई क्रेटसकट पडली होती आणि तिचं मनगट मोडलं होतं. तीही तिथेच होती, प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून दुसऱ्या हाताने मणी निवडत.

टेम्पोतली बाई आजोबांकडे बघून म्हणाली, "ओ साहेब, तुम्हीच काढला ना ह्यो ओटा? मग एक क्रेट उचलून दावा की."

वरची हसली. "अगं, त्याच्या पेन्सिलीपरीस जड काय उचललंय का त्यानं जन्मात?"

आजोबा टेम्पोत चढले. काविळीतून उठून महिना झाला नव्हता. त्यांनी चार क्रेट उचलून वर दिले. पाचव्याला त्या बाईनेच त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या बाबा, पडाल. लय झालं."

खाली उतरल्यावर मालकाने विचारलं, "आता सांगा, ही मापं कोणी काढली?"

आजोबांच्या काखेत ड्रॉइंगची गुंडाळी होती. तिच्यात तो भराव स्पष्ट दाखवलेला होता, तुटक रेघांनी, उंचीसकट. मी त्यांच्याकडे बघत होते. ते भागीदारांकडे बघत होते.

भागीदार म्हणाले, "शेठ, आमच्याकडूनच राहून गेलं. ड्रॉइंगमध्येच चूक झाली. यांची तब्येत बरी नव्हती त्या काळात, तुम्हाला माहीत आहे. माणूस आहे, होतं."

किती मऊ आवाजात म्हणाले! आजोबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. आणि आजोबांनी ती गुंडाळी उघडली नाही. बाहेरच्या माणसासमोर खोडायचं नाही. स्कूटरवरचा नियम.

घरी आल्यावर आजोबा मला म्हणाले, "भराव मी दाखवला होता. त्याने साइटवर काटला. ठेकेदार तिथेच होता, निघताना त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं."

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत?"

"उद्या नऊला बोलतो."

दुसऱ्या दिवशी नऊला ते ऑफिसात जाऊन बसले. भागीदार साडेअकराला आले, दोन गिऱ्हाइकांना बरोबर घेऊन. तिसऱ्या दिवशीही तसंच. चौथ्या दिवशी मालकाने लेखी मागितलं, आणि पत्र टाइप करायला आलं माझ्याकडे.

आता जे लिहिते ते तुमच्या आईलाही माहीत नाही. ते पत्र मी लिहिलं. खरं काय ते मला माहीत होतं आणि तरी लिहिलं. 'आमच्या ड्रॉइंग विभागाच्या नजरचुकीमुळे' असं मोठं घरंदाज इंग्रजी वाक्य केलं. आमच्या ड्रॉइंग विभागात एकच माणूस होता आणि तो माझ्या शेजारी उभा होता. मी त्यांना म्हटलं, मी हे टाइप करणार नाही. ते म्हणाले, "लिही गं. फर्म दोघांची आहे." मला राग आला तो त्यांचाच आला, आणि त्या रागात मी पत्र इतकं चोख केलं की त्यात खाडाखोड एकही नव्हती. माझं इंग्रजी चांगलं होतं म्हणून त्या खोट्याला वजन आलं. हे मी भागीदारांना माफ करत नाही, आजोबांना करत नाही आणि स्वतःलाही करत नाही. पण तिघांची चूक सारखी नाही. मी आयुष्यभर मुलांचे पेपर तपासले आहेत. कोणाला किती द्यायचे ते मला कळतं.

त्या बाजूला सगळे बागायतदार एकमेकांचे पाहुणे. पुढच्या वर्षी चार पॅकहाऊसची कामं फर्मकडे आली आणि चारही जणांनी सांगितलं, ते दुसरे साहेब नकोत. भराव नंतर टाकला म्हणा. मालकाने आपल्या हाताने टाकून घेतला आणि बरोबर आजोबांच्या रेघेवर थांबला. पण फर्ममध्ये आजोबांकडे उरल्या कंपाउंडच्या भिंती, पाण्याच्या टाक्या, कोणाच्या तरी गच्चीवरचा पत्रा. दोन वर्षांनी त्यांनी आपण होऊन फर्म सोडली. तुम्ही दोघं सुट्टीत यायचात तेव्हा ते घरी बसून तुम्हाला पुठ्ठ्याची घरं करून द्यायचे. तुम्हाला वाटायचं, आजोबा किती मोकळे असतात.

ते गेले तेव्हा भागीदारांनी खांदा दिला. शोकसभेत ते रडले. ते रडणं खोटं होतं असं मी म्हणत नाही. माणसाला ज्याचं नुकसान केलं त्याच्यावर प्रेम करताच येत नाही, असं थोडंच आहे. पण बोलले काय? "आमची जोडी होती. आम्ही कधी एकमेकांना खोडलं नाही." सभागृहाने टाळ्या वाजवल्या. शोकसभेत!

मागच्या मंगळवारी ते माझ्याकडे आले. अकराला येतो म्हणाले होते, पावणेबाराला आले. काठी, ड्रायव्हर, पेढ्यांचा पुडा.

"वहिनी, तुम्ही अजून तशाच. घड्याळ लावून दारात उभ्या."

"अकरा म्हणाला होतात, भाऊजी."

"काय करणार? ट्रॅफिक बघा ना. गंगापूर रोडचं काय करून ठेवलंय लोकांनी."

"लोकांनी कुठे? तुमच्याच तर पाट्या आहेत तिथे प्रत्येक टॉवरवर."

ते हसले. हसून घ्यायची त्यांची जुनी पद्धत. मग मोबाइलवर नव्या ऑफिसचं चित्र दाखवलं. स्वागतकक्षात आजोबांचा मोठा फोटो, खाली दिवे. "पोरीला तिच्या आजोबांची खुर्ची देतोय, वहिनी. आजकाल कोण देतं?"

"ती खुर्ची तुम्ही ते जिवंत असताना काढून घेतली होती."

"पिंपळगावचंच अजून? अहो, किती वर्षं झाली. तो मालकही गेला."

मी माझा फोन उचलून त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. "मेलबर्नला आत्ता संध्याकाळ आहे. ती घरी आली असेल. तिला सांगा."

"काय सांगू?"

"भराव कोणी काटला ते."

त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, "आमचा नियम होता वहिनी, तुम्हाला माहीत आहे. बाहेरच्यांसमोर..."

"ती बाहेरची असेल तर तिला खुर्ची कशाला? आणि घरची असेल तर सांगायला लाज कसली?"

"चहा बिनसाखरेचा द्या. डॉक्टरने बंद केली आहे."

मी आत जाऊन चहा केला. बाहेर आले तर फोन होता तिथेच होता. चहाचे दोन घोट घेतल्यावर ते म्हणाले, "मीच काटला. हंगाम डोक्यावर होता, मला वाटलं दीड फुटाने काय होतंय. मी टेम्पो कधी मोजलाच नव्हता हो. आणि मग तिथे सगळ्यांसमोर... तो बोलणार नाही हे मला माहीत होतं."

शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून यायला इतकी वर्षं लागली. मी म्हटलं, "हे मला तेव्हाही माहीत होतं. मला सांगून काय उपयोग? तिला सांगा."

"नाही सांगणार. ती मला सर म्हणते."

"मग तिने तुमच्याकडे येऊ नये, असं मी तिला लिहीन."

"लिहा," ते म्हणाले. काठी घेऊन उठले, दारात थांबले. "तुमचं इंग्रजी फार चांगलं आहे, वहिनी."

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. म्हणून हे मराठीत.

तर बाई, कारण हे आहे. त्या माणसाने एकदा चूक केली म्हणून जाऊ नको, असं मी म्हणत नाही. चुका सगळ्यांच्या होतात. तुझ्याही होतील, आणि तुझ्या ओट्यावरही एखाद्या बाईचं मनगट मोडेल. पण ज्या ऑफिसात चूक कोणाच्या नावावर टाकायची हे आधी ठरतं, तिथे तू नवी असशील, वयाने सगळ्यांत लहान असशील आणि तुझ्या आजोबांसारखी गप्प बसणारी आहेस. मी तुला लहानपणापासून बघते आहे. धाकट्याने फुलदाणी फोडली तेव्हा मार तू खाल्लास.

ते रविवारी तुला फोन करणार आहेत. उत्तर तुझं तू द्यायचं. मला मध्ये घेऊ नकोस आणि आजी नको म्हणाली असंही सांगू नकोस. त्यांना भरावाचं विचार. सांगितलं तर पुढचं तू ठरव, मी तोंड उघडणार नाही. तू आलीस तर माझ्याकडे राहशील, डबा मी देईन. त्या स्वागतकक्षात मात्र मी पाय ठेवणार नाही, फोटोच्या अनावरणालाही नाही. आणि त्यांनी हसून विषय बदलला, तर फोन ठेव. नमस्कार करायचीही गरज नाही.